डाव्या नाकपुडीतली नथ

दोघं भाऊ माझ्याकडे फळी घेऊन आले, ती जुन्या सुती साडीत गुंडाळलेली. साग चांगला होता, १२ बाय १६ इंच. दुसरीकडे कुठेतरी फोटो देऊन त्यावर आईचा चेहरा सीएनसीवर, म्हणजे मी चालवतो तसल्याच कंप्युटरवरच्या कोरायच्या मशीनवर, कोरून घेतलेला. साडी सोडली आणि काय बिघडलंय ते विचारायची गरज उरली नाही. कुंकवाच्या जागी भोक. पिकल्या केसांच्या बटा तारांसारख्या वर आलेल्या, मधले काळे केस खड्ड्यात. नथीतला सगळ्यात चमकणारा मोती सुईसारखा उभा राहिला असणार, कारण तिथे आता नुसती मोडल्याची खूण होती. गालभर बारीक चौकोनी चट्टे.

"देवी आल्यागत दिसतंय," थोरला म्हणाला.

हे सगळं एकाच कारणाने होतं. फोटो ग्रेस्केल, म्हणजे काळा-पांढरा, करून सरळ सॉफ्टवेअरला दिला की ते पांढरं म्हणजे उंच आणि काळं म्हणजे खोल एवढंच धरतं. फोटोतला उजेड कुठून आला, केस काळे की पांढरे, कुंकू लाल की गाल सावळा, याचा उंचीशी काही संबंध नाही हे त्याला कळत नाही. कपाळ तेलकट असेल तर कपाळाला टेंगूळ येतं, हनुवटीखाली सावली असेल तर गळा आरपार जातो. चौकोनी चट्टे जेपेगचे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पडलेले असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, पण कटरला, म्हणजे मशीनच्या कोरणाऱ्या टोकाला, दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये स्मूथ मारला की चट्टे जातात, आणि त्यांच्याबरोबर पापणीही जाते.

मी मूळ प्रिंट मागितली. लग्नातली होती. आई अंतरपाटाकडे बघत उभी, डावी बाजू कॅमेऱ्याकडे, नथ, अंबाडा, खांद्यावरून पदर. बाजूने काढलेला फोटो खरंच बाजूचा आहे का हे बघायची सोपी खूण म्हणजे पलीकडच्या डोळ्याची पापणी. नाकाच्या रेषेपलीकडे ती जरा जरी डोकावली तर चेहरा वळलेला आहे, आणि मग गालाची सगळी मापं फसतात. इथे पापणी दिसत नव्हती. शिवाय फोटो लांबून काढलेला. जवळून काढला असता तर कान आणि गाल फुगले असते.

कागद मात्र रेशमी पोताचा, पूर्वीचे स्टुडिओ द्यायचे तसला. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे ते पोत चेहराभर जाळीसारखं उमटतं. अशा वेळी प्रिंट एकदा डोकं वर आणि एकदा डोकं खाली ठेवून स्कॅन करतो, आणि दोन्ही प्रती सरळ करून, एकमेकींवर ठेवून वरची ५० टक्के पारदर्शक करतो. जाळी बरीचशी मरते. प्रिंटवर डोकं ३८ मिलिमीटरचं होतं. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांना, ते जवळपास ९०० पिक्सेल भरतं. फळीवर डोकं २४० मिलिमीटरचं हवं होतं, म्हणजे एक पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटर. एवढं पुरतं. १२०० डीपीआयला नुसतं कागदाचं पोत मोठं होऊन आलं असतं.

धाकट्याने वडिलांचाही फोटो आणला होता. त्यातही तोंड डावीकडेच. देवघराच्या दाराच्या दोन्ही अंगांना दोघं समोरासमोर बघतायत असं त्यांना हवं होतं. "आईचा फोटो उलटा करा की. कंप्युटरवर त्यात काय अवघड?" अवघड काहीच नव्हतं. मिरर दाबला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दोघं बघत राहिले. मग धाकटा म्हणाला, "नथ उजवीकडं गेली." पदरही उजव्या खांद्यावर गेला होता, गुजराती पद्धतीने. नथ तेवढी काढून उजव्या बाजूचा चेहरा मनाने करता आला असता, पण मग आई नथीशिवाय. शिवाय कुणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो, आणि त्यांच्या ओळखीची बाजू ही होती. शेवटी आई तशीच ठेवायची आणि वडिलांना फिरवायचं ठरलं. त्यांच्या डोक्यावर गांधी टोपी होती, तिला डावं-उजवं नाही. चित्र गळपट्टीशी कापलं की शर्टाच्या खिशाचाही प्रश्न मिटतो.

पूर्वी आर्टकॅम नावाचं सॉफ्टवेअर होतं. बाजूच्या फोटोवरून चेहरा उठवायला त्यात वेगळा विझार्डच होता. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं. आता मी हे काम अॅस्पायर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्यात फोटो नुसता खाली अंथरायचा, त्याच्यावरून रेषा काढायच्या आणि फोटो विसरायचा. सॉफ्टवेअरने आपोआप रेषा काढायचा ऑटो ट्रेस वापरत नाही. तो नाकाच्या रेषेत शंभरभर नोड, म्हणजे रेषा वळवायचे बिंदू, घालतो आणि प्रत्येक नोड म्हणजे एक बारीक पायरी. कपाळापासून गळ्यापर्यंतची रेषा मी वीस-बावीस नोडमध्ये काढतो. त्यात नाकाला सहा-सात, ओठांना मात्र आठ. नाकाखालची खाच, वरच्या ओठाचं टोक, दोन ओठांमधली भेग, खालच्या ओठाखालचा खळगा, यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की बाई दुसरीच होते.

खरी गंमत उंचीत आहे. समोरून काढलेल्या चेहऱ्यात नाक सगळ्यात पुढे असतं, म्हणून नवशिका बाजूच्या चेहऱ्यातही नाकच सगळ्यात वर उठवतो. बाजूने बघताना नाकाचा दांडा डोक्याच्या मधोमध असतो, म्हणजे आपल्यापासून सगळ्यात लांब. जवळ असतात ते गालाचं हाड, भुवईचं बाहेरचं टोक, जबड्याचा कोपरा आणि कान. माझ्या टेबलावर सहाव्या जॉर्जचा एक रुपया असतो. राजा मुकुट घालून डावीकडे बघतोय. नव्या पोरांना मी तो डोळे मिटून अंगठ्याने चाचपायला लावतो. उठाव मिलिमीटरभरही नाही, पण गाल वर आणि नाक उतरतं लागतं.

माणसाचं डोकं मधल्या रेषेपासून कानापर्यंत साधारण ७५ मिलिमीटर खोल. ते मला ८-९ मिलिमीटरमध्ये बसवायचं होतं. सगळं सरसकट नऊपटीने दाबलं तर पापणी आणि ओठ सपाट होतात. म्हणून मोठे भाग दाबायचे, बारीक कडा दाबायच्या नाहीत. चेहऱ्याचा मुख्य तुकडा करून त्याला ३ अंशांचा टिल्ट, म्हणजे तिरकेपणा, दिला. नाकाची कड मागच्या सपाट भागापासून २ मिलिमीटरवर आणि कानाची बाजू ८ वर आली. ते २ मिलिमीटर उभे सोडतो, उतार देत नाही, कारण त्या उभ्या कडेची सावली पडते आणि चेहऱ्याची रेषा लांबून वाचता येते. मग वर एकेक तुकडा. गालाचं हाड ९, कानाची वरची कड त्याहून किंचित जास्त, केस ८, अंबाडा ६, गळा ५, नाकपुडी साडेचार. जवळचा खांदा १०, पण तो खालच्या कडेकडे हळूहळू उतरवत नेला, नाहीतर बघणाऱ्याची नजर खांद्यावरच अडकते.

तुकडे एकमेकांत कसे मिसळायचे ते दर वेळी वेगळं. नाकपुडी आणि कान अॅडने, म्हणजे खालच्या उंचीत मिळवून, चढवले. केस मर्जने, म्हणजे दोन्हींतलं जे उंच तेवढंच धरून, कारण अॅड केले तर खालच्या कपाळाची उंचीही त्यात मिळते आणि केसांचा टोप होतो. डोळा बाजूने बदामासारखा नसतो, आडव्या पडलेल्या त्रिकोणासारखा असतो, आणि भुवईच्या मागे दबलेला. वरची पापणी खालच्यापेक्षा ०.८ मिलिमीटर पुढे काढली. बुबुळ केलं नाही, एक तिरकी खाच दिली.

नथ सगळ्यात शेवटी. मोती खऱ्या मापाचे केले तर त्यांच्यामधल्या फटीत १ मिलिमीटरचं टोक शिरत नाही, आणि सुटा उभा मोती सागाच्या आडव्या रेषेवर पॉलिश पेपर मारतानाच उडतो. म्हणून मोती जरा मोठे केले, प्रत्येक अर्धगोल २ मिलिमीटरचा, बुडाशी एकमेकांत गेलेले. फोटोत ११ मोजले होते, फळीवर ७ घेतले. नथीखाली झाकलेला ओठ कोरला नाही.

केसांच्या बटा फोटोवरून घेतल्या नाहीत. आठ-दहा पट्टे ओढले, मागे अंबाड्याकडे जाणारे. एआयने फोटोवरून काढलेला डेप्थ मॅप, म्हणजे उंची-खोलीचा नकाशा, तोही एकदा टाकून बघितला. पदराच्या चुण्यांना तो बरा निघाला, त्या मी घेतल्या. चेहऱ्यात कान चपटा आणि केस गोळा.

साग २५ मिलिमीटरचा, तीन पट्ट्या जोडलेला. जोडाची रेघ चेहऱ्यावरून जाणार नाही अशा बेताने पट्ट्या लावल्या आणि गालावर काळी शीर येणार नाही असा भाग निवडला. रफिंगला, म्हणजे आधीच्या ढोबळ कोरण्याला, ६ मिलिमीटरचा सपाट टोकाचा कटर (एंड मिल), एका वेळी ३ मिलिमीटर, वर ०.६ शिल्लक. फिनिशिंगला ३ मिलिमीटरचा गोल टोकाचा कटर (बॉल नोज), स्टेपओव्हर, म्हणजे दोन फेऱ्यांमधलं अंतर, पाव मिलिमीटर, १८,००० आरपीएम. ४०० मिलिमीटरच्या १२०० फेऱ्या म्हणजे ४८० मीटर. ३००० च्या फीडला, म्हणजे मिनिटाला ३००० मिलिमीटरच्या वेगाला, हिशोब २ तास ४० मिनिटांचा येतो. मशीन दर चढ-उताराला मंदावतं, म्हणून लागले साडेतीन. मग डोळा, नथ, ओठ, कान एवढ्यापुरती सीमा आखून १ मिलिमीटरचा निमुळता गोल टोकाचा कटर (टेपर बॉल), स्टेपओव्हर ०.१.

तिथेच घोळ झाला. टूल, म्हणजे कटर, बदलल्यावर पोराने झेड झिरो, म्हणजे खोली जिथून मोजायची ती शून्याची जागा, फळीच्या कोपऱ्यावर घेतला. बाकीच्या टूलना तो मशीनच्या बेडवरून, म्हणजे फळी ठेवायच्या टेबलावरून, घेतलेला. रंधा मारताना तो कोपरा ०.४ ने खाली गेला होता. नवं टूल तेवढंच खोल गेलं आणि डोळ्याभोवती चष्म्याच्या फ्रेमसारखी पायरी पडली. मशीन थांबवलं. पायरी घासून काढली असती तर पापणी गेली असती. फळीत खाली जाडी होती, म्हणून झेड झिरो पुन्हा बेडवरून घेतला, टूलचे सगळे मार्ग ०.५ मिलिमीटर खाली उतरवले आणि फिनिशिंग पहिल्यापासून चालवलं. आणखी साडेतीन तास गेले. तेव्हापासून बेडवर लाल खुणेची एक जागा केली आहे, झिरो तिथेच घ्यायचा.

पॉलिशआधी दोघांना बोलावलं. बहीणही आली होती. तिघंही म्हणाले, नाक जरा वेगळं वाटतंय. नाक रेषेवर बरोबर होतं, मी फोटो वर ठेवून दाखवलं. मग ट्यूब बंद करून मोबाइलचा टॉर्च वरून धरला, कारण भिंतीवर उजेड वरूनच येणार. बहिणीने ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं आई आत ओढल्यागत असायची. दाढा नव्हत्या तिला." फोटोत तिथे पदराची सावली होती, मी गाल सरळ नेला होता. अॅस्पायरमध्ये रिमूव्ह ब्रशने ओठाच्या कोपऱ्यामागे ०.७ मिलिमीटर खळगा केला, जबड्याकडे पसरत नेला आणि तेवढाच भाग पुन्हा चालवला, २५ मिनिटं. नाकाबद्दल मग कुणी बोललं नाही.

२२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, चेहऱ्यावर तोही हलकाच, मेलामाइनचे दोन हात, मागच्या बाजूलाही दोन. मागची बाजू कोरी ठेवली की पावसाळ्यात फळी वाकते.

पहिली फळी माझ्याकडे पडून होती. साग चांगला, रंधा मारून दुसऱ्या कामाला घ्यायची म्हणून मी विचारलं. थोरल्याने ती परत त्याच साडीत गुंडाळली. "रंधा नको मारायला, दादा," म्हणाला आणि आईच्या दोन्ही फळ्या घेऊन गेला.