बारातले दोघं "नाही" म्हणाले तर?

ज्युरीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यासमोर वकिलांची जोरदार भाषणं येतात, पण मला विचाराल तर खरी गोष्ट भाषणं संपल्यावर सुरू होते. बारा साधी माणसं, कधी एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, एका खोलीत जातात, दार लागतं, आत ना जज ना वकील, आणि कुणाचं तरी पुढचं सगळं आयुष्य त्यांच्या हातात.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. नावं बहुतेक ठिकाणी मतदारयादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी निघतात, मग अमेरिकेत वकील प्रश्न विचारून विचारून काहींना गाळतात (आरोपी ओळखीचा आहे का, आधीच मत बनवलंय का वगैरे). कायदा काय म्हणतो ते जज सांगतात, पण नेमकं घडलं काय, साक्षीदार खरं बोलतोय का, हे ज्युरीने ठरवायचं, आणि मनात रास्त शंका उरली तर आरोपीला सोडायचं. घरी जाऊन केसबद्दल नेटवर शोधायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. निकाल असाच का दिला याचा जाब मात्र त्यांना कोणी विचारू शकत नाही.

हे शेवटचं काही आपोआप मिळालेलं नाहीये. 1670 साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांवर (हा एक ख्रिस्ती पंथ) खटला चालला. त्यांची प्रार्थनेची जागा बंद केलेली, म्हणून पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर रस्त्यातच उभा राहून लोकांशी बोलला, तर आरोप बेकायदा जमाव जमवल्याचा. ज्युरीतले आठ जण दोषी म्हणायला तयार, चार नाहीत, आणि त्या चौघांत एडवर्ड बुशेल सगळ्यात पुढे. कोर्टाने त्यांना झापलं, परत आत पाठवलं, आणि ते काय निकाल घेऊन आले माहितीये? पेन दोषी आहे, ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलल्याबद्दल. एवढंच! बेकायदा जमावाचं नावच नाही, आणि नुसतं रस्त्यावर बोलणं हा काही गुन्हा नव्हता. मग त्यांना जेवण नाही, पाणी नाही, शेकोटी नाही असं रात्रभर कोंडून ठेवलं, तरी ते हटले नाहीत, उलट शेवटी सरळ "दोघंही निर्दोष" असं सांगून मोकळे झाले. ज्युरीतल्या प्रत्येकाला 40 मार्कांचा (मार्क म्हणजे तेव्हाचं पैसे मोजायचं एक माप) दंड झाला, बुशेलने तो भरला नाही आणि तुरुंगात गेला. तिथून तो वरच्या कोर्टात गेला आणि त्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवून टाकलं की निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येणार नाही.

मी हे वाचलं तेव्हा त्या चार जणांवरच अडकले. आठ विरुद्ध चार असताना बहुमत चाललं असतं तर पेन पहिल्याच फेरीत आत गेला असता ना! एकमताची, म्हणजे बाराही जणांचं एकच मत हवं अशी अट असली की न पटलेल्या माणसाला समजवावंच लागतं, पुरावा पुन्हा बघावा लागतो, नाहीतर निकालच लागत नाही. एकमत झालंच नाही तर ज्युरी अडकली म्हणतात, तेव्हा आरोपी सुटत नाही, खटला पुन्हा चालवता येतो.

इंग्लंडने 1967 मध्ये बारापैकी दहांचं मत चालेल असं केलं, कारण एखाद्याच ज्युररला (म्हणजे ज्युरीतल्या माणसाला) धमकावून किंवा पैसे चारून खटला पाडता यायचा. ही भीती खोटी नव्हती, मला पटते. पण अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 1898 साली एकमताची अट काढली ती कृष्णवर्णीय ज्युररची मतं निकामी करायला, म्हणजे ज्युरीत एखाद-दुसरा आला तरी त्याच्या "नाही"ला अर्थच उरू नये. आणि ते शंभर वर्षांहून जास्त चाललं. 2016 मध्ये तिथे एकाला दहा विरुद्ध दोन मतांनी खुनासाठी जन्मठेप झाली, तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला, 2020 मध्ये कोर्ट म्हणालं की गंभीर गुन्ह्यात एकमत हवंच. 2023 मध्ये त्याच माणसाचा खटला पुन्हा चालला आणि बाराही जण म्हणाले, निर्दोष. म्हणजे पहिल्या वेळचे ते दोघं, ज्यांचं कोणाला ऐकायचीच गरज पडली नव्हती!

आणि 2021 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांची अपीलं आधीच संपली आहेत त्यांना फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांत या नव्या नियमाचा फायदा मागता येणार नाही. त्यांच्याही खटल्यात कोणीतरी एक-दोघं "नाही" म्हणालेच होते.