स्पार्क येतोय तरी मोअर चालू होईना: माझा अनुभव

पुण्यात बाणेरला आमच्या सोसायटीचं लॉन काही फार मोठं नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये गवत असं माजतं की माळीदादा विळ्याने कापून कापून वैतागतात, म्हणून ओळखीतून एक सेकंडहँड पेट्रोल मोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, घेतला. फोर स्ट्रोक, सिंगल सिलिंडर. विकणारा म्हणाला "फक्त प्लग टाका साहेब, लगेच लागेल." हे वाक्य ऐकलं की पुढचं सगळं समजून जायचं.

स्पार्क प्लग नवा टाकला, त्याच्या टोकाचा गॅप ०.७५ एमएम, दोरी ओढली, ढिम्म. मग प्लग बाहेर काढून कॅपमध्ये बसवला, त्याची बॉडी इंजिनला टेकवली (प्लगच्या भोकापासून लांबच धरा, आतून पेट्रोलची वाफ येते) आणि ओढलं तर करंटच नाही. गॅरेजवाल्या दादांनी मशीन न बघताच निकाल दिला, कॉइल (प्लगला करंट देणारा भाग) गेली.

पण या इंजिनात बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधलं (इंजिनच्या शाफ्टवर फिरणाऱ्या जड चाकातलं) मॅग्नेट कॉइलसमोरून गेलं की करंट तयार होतो, आणि हँडलचा लिव्हर सोडला की एक बारीक वायर कॉइलला बॉडीशी जोडून अर्थिंग करते म्हणून इंजिन बंद पडतं. म्हणजे ती वायरच कुठे सोलली असेल तर इंजिन कायमचं बंद. वरचं कव्हर काढून ती वायर कॉइलपासून सोडवली आणि ओढलं, तर कडक निळा स्पार्क! उंदराने कुरतडलेली वायर ब्रॅकेटला टेकत होती. नवीन टाकून परत जोडली, तशीच सोडून ठेवायची नाही, कारण मग लिव्हर सोडूनही खालचं पातं फिरतच राहणार. कव्हर उघडंच होतं म्हणून मॅग्नेटचा गंज पॉलिश पेपरने काढला, कॉइल आणि मॅग्नेटच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून गॅप सेट केला, ०.२५-०.३ एमएमच्या आसपास पाहिजे.

आता स्पार्क मस्त, पेट्रोल पोचतंय, प्लग ओला होतोय, तरी इंजिन लागेना. उलट मध्येच फट्ट करून दोरी हातातून असा हिसका मारायची की खांदा दुखायला लागला. इथे माझी ट्यूब पेटली, स्पार्क येतोय पण वेळेवर येत नाहीये. फ्लायव्हीलचा नट काढला, पुलरने फ्लायव्हील उचललं, तर आतली ‘की’ (फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी बसवणारी छोटी पट्टी) अर्धी कातरून सरकलेली. कधीतरी पातं दगडावर आपटलं असणार. टायमिंग थोडंसंच हललं तरी एवढा गोंधळ.

ही ‘की’ मिळवायला नाना पेठेत बरीच पायपीट झाली. एक लेथवाले काका म्हणाले स्टीलची करून देतो, आयुष्यभर तुटणार नाही. नको म्हटलं, ती मऊ धातूची असते ते मुद्दामच, दगडाचा दणका बसला की आधी ती तुटावी आणि क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य दांडा) वाचावा. बसवताना शाफ्टचा टेपर (निमुळता भाग) पुसून कोरडा केला आणि नट नीट आवळला, कारण फ्लायव्हीलची खरी पकड टेपरवरच असते, ‘की’ फक्त जागा दाखवते.

दुसऱ्याच ओढीला लागलं! पण हादरा जास्त होता, म्हणून बंद करून, प्लगची कॅप काढून पातं उतरवलं तर एका टोकाला वाकलेलं. तेही बदलून टाकलं. लॉनमधले दगड वेचायचं काम आता माळीदादांनी सोसायटीतल्या पोरांना लावलंय, टोपलीमागे एक पेप्सीकोला.