आमची वाटचाल : पात्याच्या पोलादासाठी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा लहान कारखाना आहे. चप्पल कारागिरांच्या चामडे कापायच्या रापी, खाटीक मंडळींच्या सुऱ्या आणि ऊसतोडीचे कोयते एवढाच माल आम्ही करतो. या तिन्हींना लागणारे पोलाद वेगळे असते, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांना मात्र अजूनही वाटते की लोखंड तापवले, ठोकले आणि पाण्यात बुडवले की सुरी तयार झाली. ठोकायला हुशार पोरगा दोन-तीन वर्षांत शिकतो. माल ओळखायला त्याचे केस पिकतात.

वडिलांनी सुरुवात केली ती ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, जुन्या पाट्यांवर. पोलादाच्या किमतीवरचे आणि वाटपावरचे सरकारी नियंत्रण १९९२ साली उठले. त्याआधी आमच्यासारख्या लहान कारखान्याला हव्या त्या प्रतीची पट्टी हव्या त्या जाडीत मागण्याची सोयच नव्हती, भंगारात पाटा मात्र हटकून मिळे. तो बहुधा एन-४५ या प्रतीच्या पोलादाचा असायचा : कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. कोयत्याला याहून चांगला माल मी पाहिलेला नाही, कारण उसाच्या बुडख्यावर दिवसभर बसणारे घाव तो लवचिकपणे सोसतो. मात्र लाखो किलोमीटर खड्डे खाल्लेल्या पाट्यात केसाएवढी चीर दडलेली असते आणि तेलात बुडवताक्षणी ती उघडते. वडील पाट्याला रॉकेल लावून पुसून घेत, वर चुन्याची निवळी फासत आणि ती वाळू देत. जिथे चीर असेल तिथे आत मुरलेले रॉकेल चुन्यावर रेघेसारखे उमटे. आजच्या यंत्रांनाही यापेक्षा फार वेगळे काही करता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. अलीकडच्या गाड्यांचे पाटे क्रोमियमचे, काही व्हॅनेडियमचेही असतात; म्हणून एकाच भंगारवाल्याकडचे दोन पाटे एकाच आचेवर कडक होतील असे नव्या कारागिरांनी गृहीत धरू नये. प्रत्येकाचा तुकडा कापून, कडक करून, मोडून आतला कण पाहावा. कण राखेसारखा बारीक दिसला तर आच बरोबर, साखरेसारखा दिसला तर जास्त.

आणखी एक सांगून ठेवतो. रुळाचा तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पोलाद चांगले असते हे खरे, पण १९६६ च्या कायद्याने रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा गुन्हा आहे आणि विकणारा त्या वेळी तुमच्या शेजारी उभा राहत नाही.

रापीची गोष्ट निराळी. कोल्हापुरीचे चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले, जाड आणि चिवट. त्यावर पाट्याच्या पोलादाची धार दुपारपर्यंतही टिकत नाही. तिथे एक टक्का कार्बन आणि सुमारे दीड टक्का क्रोमियम असलेले एन-३१, म्हणजे बेअरिंगचे पोलाद, हवे. ८२० ते ८४० अंशांवर तापवून तेलात बुडवायचे, मग १८० ते २०० अंशांवर टेंपर करायचे, म्हणजे ठिसूळपणा जाण्यापुरते पुन्हा तापवायचे; मग कडकपणाच्या रॉकवेल मापावर साठच्या आसपास आकडा येतो. अडचण अशी की एन-३१ चा गोल गज कुठेही मिळतो, पण तीन-चार मिलिमीटरची पट्टी मिळत नाही. पोलाद लाटणाऱ्या गिरणीला टनांची ऑर्डर लागते आणि आमची गरज किलोंची. मुंबईच्या दारूखान्यात, जिथे जुनी जहाजे तोडतात तिथे, हिंडलो, तर जहाजांचे पत्रे. ते बहुतेक मऊ पोलाद, पात्याच्या कामाचे नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात प्रत्येक जण विचारी, "ट्रक भरून नेणार का?"

अशा वेळी एका व्यापाऱ्याने पट्टी देऊ केली. त्याचे नाव लिहीत नाही, धंद्यातले ओळखतील. प्रमाणपत्र होते, त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या वितळीतले त्याचा क्रमांक, होता, पट्टीच्या टोकाला रंग होता. आम्ही तुकडा कापून सहाणेच्या चाकावर त्याची ठिणगी पाहिली, कडक करून कानस फिरवली, कडकपणा मोजून घेतला. सगळे बरोबर आले. बकरी ईदच्या आधी सुऱ्यांची मागणी वर्षातली सर्वांत मोठी असते. ती सगळी आम्ही त्या पट्टीवर पुरी केली आणि काही रापीही तिच्याच केल्या.

ईदच्या दिवशीच फोन सुरू झाले. धार वळत नव्हती, बोथटही होत नव्हती. कडेचा बारीक कपचा उडत होता. मटणात पोलादाची कपची जाणे ही आमच्या धंद्यात मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. आम्ही माल परत घेतला, पैसे दिले, आणि बँकेचे हप्ते थकले. कामगार अर्ध्या पगारावर थांबले, हे मी विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात आमच्याच पेठेतला एक प्रतिस्पर्धी आमची कपचा उडालेली सुरी खिशात घालून दुकानोदुकानी फिरला. "यांना पाणी देता येत नाही", म्हणजे पाते नीट कडक करता येत नाही, असे तो सांगत असे. वडिलांच्या हाताखाली ज्याने भाता ओढला, त्याच्या तोंडी ते वाक्य होते! तो स्वतः चकचकीत स्टेनलेसच्या रापी विकत असे. हिरड्याच्या ओल्या चामड्याने आमची रापी काळी पडते, कारण हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड मिळून शाईसारखा रंग होतो. हा डाग म्हणजे पोलादातली भेसळ, असे तो गिऱ्हाइकांना पटवीत असे आणि त्यांना ते पटतही असे. खरे तर कार्बनचे पोलाद काळे पडणारच. काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवला की पुरे.

या सगळ्यात सुभाषनगरातले एक वयस्क कारागीर रापी परत करायला आले नाहीत, दाखवायला आले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. वडिलांची पहिली रापी त्यांच्याच घरात गेली होती. त्यांनी आमची ही नवी रापी दगडावर पुन्हापुन्हा लावून धार मागे नेली होती आणि प्रत्येक वेळी कपचा पात्याच्या लांबीतल्या त्याच ओळीत उडाला होता. "पाणी बराबर हाय तुमचं," ते म्हणाले, "लोखंडच घाणेरडं हाय." आम्ही तो तुकडा प्रयोगशाळेत दिला. सूक्ष्मदर्शकाखाली लाटण्याच्या दिशेने मळीच्या, म्हणजे वितळताना पोलादात राहिलेल्या घाणीच्या, आणि गंधकाच्या काळ्या रेघा दिसल्या, आणि गंधकाचे प्रमाण प्रमाणपत्रावरच्या आकड्याहून बरेच जास्त निघाले. भंगार वितळवून, नीट शुद्ध न करता लाटलेली ती पट्टी होती. कार्बन बरोबर, क्रोमियम बरोबर, म्हणून ठिणगी खरी आणि कानसही खरी. पण धार जिथे त्या रेघेवर येई तिथे ती उभी राहायला जागाच नव्हती. अहवालाच्या प्रती घेऊन मी प्रत्येक दुकानात स्वतः गेलो. काहींनी वाचला, काहींनी चहा दिला. मामांनी मात्र ओळखीच्या कारागिरांना निरोप पाठवला आणि रापीचे काम पुन्हा सुरू झाले. खाटीक मंडळी सावकाश परतली.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता पट्टी विकत घेण्याऐवजी आम्ही नामांकित गिरणीचा एन-३१ चा गोल गज घेतो आणि पॉवर हॅमरखाली स्वतः चपटा करतो. कोळसा आणि मजुरी जास्त लागते, पण माल कुठला हे कळते. प्रत्येक गजाच्या टोकाचा तुकडा खाच पाडून मोडतो. त्यावर लांबट रेषा किंवा सुटलेले पदर दिसले तर गज परत जातो. कडक करण्याआधी मफल भट्टीत, म्हणजे जाळ थेट न लागणाऱ्या बंद भट्टीत, नॉर्मलाइज करतो, म्हणजे तापवून हवेत निवू देतो, आणि तापताना पृष्ठभागावरचा कार्बन जळालेला थर दोन्ही बाजूंनी घासून काढतो. हा थर राहू दिला तर पहिली धार मऊ लागते आणि दोष पुन्हा पाणी देणाऱ्यावर येतो. घरगुती सुरी घेणाऱ्यांनी 'स्टेनलेस' एवढ्या शब्दावर भुलू नये. भांड्यांचे ३०४ प्रतीचे स्टेनलेस उष्णतेने कडक होतच नाही, त्याची सुरी म्हणजे दिखाऊ काम. दुकानात चुंबक लावून पाहावे. तो घट्ट चिकटला नाही तर ते पाते धारेचे नव्हे.

त्या व्यापाऱ्याला अहवाल रजिस्टर पोस्टाने पाठवला होता; पोच आली, उत्तर आले नाही. दर दसऱ्याला त्याचे दरपत्रक येते. आम्ही ते ठेवून घेतो, बाजारभाव कळायला बरे पडते. पैसे यायचे बाकी आहेत.