कॅमेरा हलवायचा नाही, पाणी चढू द्यायचं

गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेली एक फॅमिली नाशिकच्या गोदाघाटावर गाडी लावून दर्शनाला गेली. शहरात पाऊस नाही, उलट छान ऊन पडलेलं, परत येईपर्यंत गाडीचे टायर पाण्यात. एका भाजीवाल्या मावशींनी आरडाओरडा करून माणसं गोळा केली म्हणून गाडी निघाली. रात्री ते मला विचारत होते, "अहो पण पाऊस तर नव्हता ना?"

तेव्हाच ठरवलं, यावर तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. जुन्या नाशिककराला हे सांगावं लागत नाही. तिकडे त्र्यंबक-अंबोलीला पाऊस लागला, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, की इथे एकच प्रश्न असतो, मारुतीला कुठपर्यंत आलं? रामकुंडापाशी नदीतच उभा असलेला आमचा दुतोंड्या मारुती, म्हणजे पुढे-मागे दोन तोंडं असलेली मारुतीची उंच मूर्ती, हीच आमची मोजपट्टी. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २००८ च्या सप्टेंबरमधला पूर आणि २ ऑगस्ट २०१६ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना "बुडाला" एवढा एक शब्द पुरतो. पण नवीन माणसाला यातलं काय कळणार?

स्टोरीबोर्डसाठी, म्हणजे व्हिडिओ आधी चित्रांत मांडून बघण्यासाठी, एका चॅटबॉटला सगळी माहिती दिली आणि शॉट लिस्ट, म्हणजे दृश्यांची क्रमवार यादी, मागितली. आली ती अशी, आधी गोदावरीचा उगम, मग क्युसेकची (धरणातून सुटणारं पाणी मोजायच्या मापाची) व्याख्या, मग धरणाची रचना आणि शेवटी एकदम मोठ्ठा आवाज करत येणारी लाट. लाट सोडली तर माहिती सगळी बरोबर, पण बघताना जीव कुठेच टांगणीला लागत नव्हता. इथला पूर असा लाटेसारखा येतच नाही ना, तो गपचूप पायरी पायरी चढतो, आणि भीती त्याचीच वाटते.

लहानपणी आजोबांबरोबर काळाराम मंदिरात कीर्तनाला जायचो ते आठवलं. बुवा आख्यान ऐन रंगात आणायचे आणि तिथेच थांबून गजर सुरू करायचे. पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ असायचं, तरी कोणी जागचं हलायचं नाही. म्हणजे गोष्ट लपवून उत्कंठा वाढते असं काही नाही, उलट प्रेक्षकाला आधी सांगून टाकायचं आणि मग थांबवून ठेवायचं. म्हणून मी धरणाचा दरवाजा थेट दुसऱ्या फ्रेममध्ये आणला. तो उचलला जातो, पाणी सुटतं, आणि तिसऱ्या फ्रेममध्ये घाटावर ऊन, एक माणूस निवांत गाडी लावतोय. पाणी निघालंय हे आपल्याला माहितीये, त्याला नाही. धरणातून सुटलेलं पाणी लगेच रामकुंडावर येत नाही, त्याला वेळ लागतो, आणि माझा सगळा व्हिडिओ त्या मधल्या वेळेत घडतो.

क्युसेकही तिथेच बसवला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, हे ऐकून कुणाच्या डोळ्यापुढे काही येत नाही. पण १०,००० लिटरचा पाण्याचा टँकर सगळ्यांनी बघितलाय. मग १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला असे २८ टँकर! ही ओळ गाडीवाला माणूस हँडब्रेक ओढतो त्या फ्रेमवर ठेवली.

खरा घाम काढला तो चित्रांनी. इमेज टूलला "दोन तोंडांचा मारुती" सांगितलं की दोन मुंडकी शेजारी शेजारी, मागे बनारसचा वाटावा असा घाट, आणि दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं पण न वाचता येणारं काहीतरी. शेवटी उन्हाळ्यात पायऱ्यांवर उभं राहून मी स्वतः काढलेला मारुतीचा फोटो अपलोड केला आणि सांगितलं, यातलं काहीही बदलू नको, फक्त पाणी गुडघ्यापर्यंत आण. तरी पायऱ्या कमीजास्त व्हायच्या, कॅमेरा थोडा सरकायचा. मग फक्त खालचा पाण्याचा भाग सिलेक्ट करून तेवढाच बदलायला दिला, आणि एका वेळी एकच सूचना. कमरेची फ्रेम झाली की तीच पुढच्या फ्रेमसाठी द्यायची असं आधी करत होतो, पण प्रत्येक वेळी चित्र अजून थोडं बिघडत जातं, म्हणून दरवेळी मूळ फोटोवरूनच सुरुवात केली, आणि जमलं. चार फ्रेम, एकच कोन, एकच मारुती, फक्त पाणी वर. कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये त्या एकामागून एक लावून पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगतो, म्युझिक नसताना.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम केली. सगळ्या फ्रेम पेन्सिल स्केचमध्ये बदलून घेतल्या आणि कोपऱ्यात "काल्पनिक चित्र" असं लिहिलं. पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात आणि म्हाताऱ्या माणसांचा जीव वरखाली होतो. त्यात मी बनवलेला खोटा फोटो जायला नको. ज्यांना फोटोसारखं हुबेहूब हवं असतं त्यांनी बाकी काहीही करा, पण पुराच्या बाबतीत एवढं तरी पाळा.

मग माझ्याच आवाजात कच्चं निवेदन रेकॉर्ड करून फ्रेमच्या खाली टाकलं, कुठली फ्रेम किती सेकंद ते ठरवलं आणि आईला दाखवलं. आईचं माहेर घाटाजवळच्या भांडी बाजारातलं. तिने कमरेच्या फ्रेमवर थांबवलं. म्हणाली, "अरे, कमरेला आलं आणि दुकानात अजून माणसं बसलीयेत? आम्ही तोवर खालच्या फळ्या रिकाम्या करायला घ्यायचो. कोणी काही बोलायचं नाही, नुसती भांडी वर जायची."

हे मला कुठल्याच टूलने सांगितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे तिला तांब्याची घागर माळ्यावर ठेवायला सांगितली, फोटो काढला, त्याचंच स्केच केलं. हातातल्या बांगड्यांसकट. आता ती दहावी फ्रेम आहे, कमरेनंतर आणि छातीच्या आधी, चार सेकंद. निवेदन बंद, फक्त भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज, तो आईच्या स्वयंपाकघरातच रेकॉर्ड केलाय.