उरलेला सिलिंडर

आज तपासणी झाली. तक्त्यावरची ६/६ ची ओळ मी वाचली. पण प्रत्येक अक्षराखाली त्याचीच एक फिकट छाया होती, आणि तिची नोंद तक्ता घेत नाही. डॉक्टरांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, याचं फार बरं वाटलं. चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर झाल्यापासून "चष्मा गेला ना, मग आता काय?" हेच ऐकतेय.

आधी सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा गोलवा सगळ्या दिशांना सारखा नसल्याचा नंबर, २.५० होता, आता ०.७५ उरलाय. दिवसा त्याचं काही वाटत नाही. अंधार पडला की बाहुली मोठी होते, आणि समोरच्या गाडीचा दिवा एकाच दिशेने लांबत जातो. मान कलती केली की ती रेघही कलते. हे मी कितीदा तरी करून पाहिलंय. म्हणजे रेघ दिव्याची नाही, माझ्या डोळ्याची.

का उरला? लेसरसाठी आपण आडवे झालो की डोळा खोबणीत किंचित फिरतो. म्हणून बसलेलं असतानाच डोळ्यावर खूण करतात, किंवा मशीन बुबुळाची नक्षी ओळखून हिशोब जुळवतं. अॅक्सिस, म्हणजे सिलिंडरची दिशा, १५ अंशांनी हुकला तर जेमतेम निम्माच सिलिंडर जातो. ३० अंशांनी हुकला तर पहिल्याइतकाच उरतो, फक्त वेगळ्या दिशेला. माझ्याइतका उरायला आठ-नऊ अंशही पुरतात. अर्थात माझ्या बाबतीत तेच झालं असं नाही. जखम भरताना कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर कमी-जास्त जाड होतो, डोळे कोरडे असले तरी नंबर हलतो.

पुन्हा लेसर मारायची घाई नको, असं डॉक्टर म्हणाले आणि मला ते पटलं. कॉर्निया मुळात जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यातला काही भाग गेलेला. खाली निदान २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर तरी शिल्लक हवेत, नाहीतर तो कमकुवत होऊन पुढे फुगू शकतो. एका रेघेसाठी मी तो धोका पत्करणार नाही.

मग त्यांनी ट्रायल फ्रेममध्ये सिलिंडरचं भिंग घातलं आणि हळूहळू फिरवलं. छाया सरकत सरकत वर आली आणि एका जागी अक्षरात मिसळून गेली. काळं, कोरीव अक्षर. मला रडूच आलं. कुणाला पटो न पटो, मला जे दिसत होतं ते खरंच होतं.

तोच नंबर चष्म्यासाठी लिहून घेतलाय, रात्री गाडी चालवण्यापुरता. थेंब चालूच ठेवायचे, नंबर स्थिरावला की पुन्हा टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा.