मसाला नाही, म्हाळसा

बारशाचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. एका हातावर पोरगी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टायपिंग, रोमनमधे नाव लिहिलं, सेंड केलं आणि झोपले. सकाळी बघते तर चाळीसेक मेसेज. फोनने स्वतःच्या अकलेने स्पेलिंग सुधारून दिलं होतं. ‘आमची लाडकी मसाला’. धाकट्या काकांचा पहिला प्रश्न, गोडा का कांदा-लसूण?

तर हो, लेकीचं नाव म्हाळसा ठेवलंय. आणि आठ महिने झाले तरी लोक विचारतातच की हे कुठून काढलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

ॲपवरून नाही काढलं. सातव्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा आई माळ्यावरची पितळेची भांडी मोडीत द्यायला काढत होती. त्यात एक छोटा तांब्या होता, बुडाला पोचा आलेला, आणि काठाखाली छिन्नीने ठोकून टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, चि. म्हाळसा. मी म्हटलं, ही कोण? आई म्हणाली अगं आजी ना, तिच्या माहेरचा तांब्या तो. आता मला जी आजी माहीत होती ती सुमन. रेशनकार्डावर सुमन, पासबुकात सुमन, गेली तेव्हा पेपरात छापून आलं तेही सुमन. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं नाव त्या तांब्यावर राहिलं ते राहिलंच. का बदललं तर आजीच्या सासऱ्यांना ते ‘रानातलं’ वाटायचं म्हणे. तेव्हा सगळ्याच मुलींची नावं बदलायचे, त्यात विशेष काही नाही असं आई म्हणाली आणि तांब्या मोडीच्या ढिगात ठेवला. मी तो परत काढून माझ्या बॅगेत टाकला.

आजीचं माहेर पालच्या बाजूचं. कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठचं पाल, खंडोबाचं. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि भंडाऱ्याने माणसं ओळखू येत नाहीत इतकी पिवळी होतात. त्या भागात जन्मलेल्या पोरीचं नाव म्हाळसा असणं म्हणजे अगदी साधी गोष्ट असणार, आज आपल्या सोसायटीत तीन मायरा आहेत तशी.

घरी सांगितलं तर नवरा आधी हसला, मग म्हणाला छान आहे, मग म्हणाला पण हाक काय मारायची. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, म्हाळसेच्या नशिबी सवत आहे, असलं नाव पोरीला ठेवू नये. आता याला काय उत्तर देणार! खंडोबाने बाणाई आणली हे खरंच आहे, वाघ्या-मुरळी म्हाळसा-बाणाईची भांडणं रात्र रात्र गातात, आणि टीव्हीवरच्या मालिकेने तर ते घराघरात पोचवलं. मी म्हटलं आई, रुक्मिणी नाव ठेवतातच की लोक, तिथे तर मोजायला बसावं लागेल. त्या गप्प बसल्या, पण ते पटल्याचं गप्प नव्हतं. दोन दिवसांनी खरं कारण बाहेर आलं, ‘कसं गावठी वाटतं गं’. म्हणजे आजीच्या सासऱ्यांचंच वाक्य, फक्त साठ-सत्तर वर्षांनी. त्याक्षणी माझं पक्कं झालं. तोपर्यंत खरं सांगायचं तर मी पण डगमगत होते, यादीत ‘ईरा’ होतं.

मदत आली ती गुरुजींकडून, अगदी अनपेक्षित. मघा नक्षत्र निघालं, मा मी मू मे, म्हणजे नावरस नाव पण म वरूनच. सासूबाईंनी विचारलं म्हा चालेल का, गुरुजी म्हणाले का नाही चालणार, म च तर आहे. झालं.

बारशाला आत्या म्हणून माझी नणंद इंदूरहून आली. तिकडच्या मराठी घरांतलं मराठी गोडच असतं, पण ळ जरा लंगडतो, तिच्या मुलांचा तर ल च झालाय. दोन दिवस बिचारी स्वयंपाकघरात म्हाळसा म्हाळसा असा रियाज करत होती. पाळण्याखालून वरून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, कुर्रर्र करून तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले आणि त्या गडबडीत तिने नक्की ळ म्हटलं का ल हे फक्त माझ्या लेकीलाच माहीत. ती काही सांगत नाही.

आता स्पेलिंग. म्ह ज्यांच्या आडनावात आहे त्यांना विचारा, म्हात्रे, म्हस्के, ही मंडळी पिढ्यान्पिढ्या बाहेरगावी ‘महात्रे’ नि ‘महस्के’ होऊन आलीत. ज्ञानेश्वरीला डी एन वाय ने सुरुवात करणारे आपणच, त्यामुळे आपण सवयीचे आहोत, पण म्हाळसामधे म्ह आणि ळ दोन्ही एकत्र आहेत. इंग्रजीत ळ नाहीच, जे काय लिहाल ते ल. मग एम नंतर एच, की एम ए एच? एक ए का दोन? मधे अजून एक ए टाकला तर म्हालासा. आणि गंमत म्हणजे खुद्द देवीचंही एक स्पेलिंग नाही. गोव्यात म्हार्दोळला तीच म्हाळसा नारायणी होते, तिथे ती खंडोबाची बायको नाही, विष्णूचं मोहिनीरूप आहे (मूळची वेर्ण्याची, पोर्तुगीज काळात म्हार्दोळला आणली), आणि इंग्रजी अक्षरांत तिचं नाव महालसा, म्हालसा, म्हालासा असं कसंही दिसतं. देवीला चालतं तर आम्हाला चालेल असं म्हणून मी सगळ्यात छोटं घेतलं, एम एच ए एल एस ए. सहा अक्षरं. संपलं असं वाटलं.

नाही संपलं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, ती हॉस्पिटलने केली होती पण नावाचा रकाना रिकामा. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत, त्यामुळे तशी घाई नव्हती. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागणार म्हणून मी बारशाच्या आठवड्यातच फॉर्म भरला, मराठीत नाव सुवाच्य अक्षरात, ळ ला तर दोनदा गिरवलं. दाखला आला त्यावर मराठीत ‘महलसा’. कारण कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने इंग्रजी टाइप केलं आणि मराठी मशीनने आपोआप बनवलं. मी म्हटलं अहो तुम्ही मराठी, मी मराठी, फॉर्म मराठी, मधे हे इंग्रजी कुठून आलं? तो म्हणाला मॅडम सिस्टीम तसंच घेते. मग शपथपत्र, मग परत फॉर्म, मग साहेब रजेवर. चार चकरा झाल्या, त्यातल्या दोन बाबांनी मारल्या. चौथ्या वेळी त्याने माझ्यासमोर कीबोर्ड बदलून ळ शोधला. शिफ्ट दाबल्यावर होता की तिथेच.

बंगलोरला परत येताना मला वाटलं आता इथे तर रोजची लढाई. आणि इथे काय झालं तर मुलांच्या डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट फाइलवर नाव लिहिताना थांबली आणि म्हणाली, ल का ळ? मी नुसती बघत राहिले. कन्नडमधे ळ आहे, रोजचा आहे, तिला फक्त कुठला ते हवं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजी हावेरीकडच्या, त्या तर नाव ऐकून खूशच झाल्या, म्हणाल्या आमच्याकडे मैलार म्हणतात, तुमचा खंडोबा तोच, आणि त्याची बायको गंगी माळव्वा. तेव्हापासून त्या हिला माळव्वाच म्हणतात, हीसुद्धा त्या हाकेला वळून बघते. म्हणजे लेकीचं टोपणनाव कन्नड. नवऱ्याला हाक काय मारायची प्रश्न पडला होता ना, सुटला.

अडतं ते आपल्याच लोकांपाशी, तेही कधीकधीच. पार्कमधे एक पुण्याच्या ताई भेटल्या, नाव ऐकून त्यांनी अर्धा सेकंद थांबून ‘युनिक आहे हं’ म्हटलं. त्या अर्ध्या सेकंदाची मला आता सवय झालीय. शाळेत काय होईल, पोरं मसाला म्हणतीलच, ते मला दिसतंय. मोठी होऊन तिने ‘मला हे नको’ म्हटलं तर राजपत्रात देऊन बदलता येतं, बदलू दे. पण तिने बदलावं, कुणी तांदळात लिहून नको.

दिवाळीला माहेरी गेलो तेव्हा आत्याने दिलेल्या वाटी-चमच्यावर नाव घालायला भांड्यांच्या दुकानात गेले. तांब्या पण नेला होता, पोचा काढायला. मशीनवर विशीतला एक पोरगा. मी मोबाइलवर नाव टाइप करून दाखवायला गेले तर त्याने हातानेच नको म्हटलं, तांब्या उचलून काठाखालचं नाव बोटाने चाचपलं. मग विचारलं, ‘खंडोबाची ना?’

हो म्हटलं. त्याने मशीन सुरू केलं, वाटी फिरवत फिरवत टिंबं उठवली, एकदाही माझ्याकडे न बघता. वीस रुपये झाले.