खिडकीच्या काचेवरची पाल

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घरी, मे महिन्याच्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा लागला की खिडकीच्या काचेवर बाहेरून एक पाल येऊन बसते. दिव्याकडे झेपावणारे किडे टिपणे हे तिचे काम, आणि आतून तिला न्याहाळत राहणे हा माझा कित्येक उन्हाळ्यांचा छंद.

काचेमुळे तिचे तळवे अगदी जवळून दिसतात. प्रत्येक बोटाखाली बारीक पट्ट्यांच्या दोन रांगा असतात आणि त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ज्यांची टोके पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेली असतात. ‘टोकाय’ नावाच्या मोठ्या जातीच्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे 5 लाख केस असतात. पाल डिंकासारख्या स्रावाने किंवा हवा शोषून चिकटते, असा समज पुष्कळ काळ होता. परंतु संशोधक केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की, हे काम प्रामुख्याने रेणूंमधील क्षीण आकर्षणाचे, म्हणजे व्हॅन डर वाल्स बलाचे आहे. पाऊल उचलताना ती बोटे टोकाकडून वर वळवते आणि चिकटपट्टी सोलावी तसे पाऊल सुटते. हे मी रोज पाहतो आणि दर वेळी थक्क होतो.

तिला पापण्या नाहीत. डोळ्यावरचे पारदर्शक आवरण ती जिभेने पुसते.

आजी पाल चुकचुकली की जमिनीवर बोटे टेकवून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणायची. पंचांगात पाल अंगावर पडल्याची शुभाशुभ फळे दिलेली असतात, आणि आपल्या मनात शंकेची पालच चुकचुकते. प्रत्यक्षात तो आवाज आपल्यासाठी नसतोच. तो दुसऱ्या पालींसाठी असतो. पाल विषारी असते, ही समजूत तर पूर्णपणे चुकीची आहे, कारण तिच्याकडे विषग्रंथी नाहीत. तिच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवावे, एवढेच पुरे आहे. झाडूचा फटका बसल्यावर ती शेपटी टाकून पळते, तेव्हा तिच्यात साठवलेली चरबीही जाते. नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. ‘पुन्हा येते ना शेपटी’ असे म्हणणाऱ्यांनी ही किंमत लक्षात घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

यंदा मेच्या अखेरीस तिच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसत होती. काही दिवसांनी ती विजेच्या मीटरच्या पेटीमागे, फटीत, मागच्या वर्षीच्या रिकाम्या कवचांशेजारी सापडली. रंगारी तिथे ब्रश घेऊन पोहोचला होता. अंडी हलून उलटली तर आतला जीव मरू शकतो, हे त्याला सांगितले, तेव्हा त्याने वाद न घालता तेवढी वीतभर भिंत रंगाविना सोडली.